यंत्राशेजारचं स्टूल

परतीच्या नळीवर एक पारदर्शक कुपी असते, अंगठ्याएवढी. शरीरातून बाहेर काढलेलं, गाळून स्वच्छ झालेलं रक्त पुन्हा हातात शिरण्याआधी क्षणभर या कुपीत थांबतं. हवेचा एखादा बुडबुडा आलाच तर तो वरच अडकावा, म्हणून ही सोय. कुपीतली रक्ताची पातळी स्थिर दिसते, पण ती स्थिर नसते. पंपाच्या चाकाला दोन रूळ असतात. प्रत्येक रूळ नळीवरून फिरताना ती पातळी किंचित उचलली जाते आणि पुन्हा खाली बसते. झोपलेल्या बाळाचं पोट हलावं, तितकीच.

"काय बघायला लागलीस एवढं?" आत्यांनी विचारलं.

"रक्त."

"माझंच आहे ते. पळून नाही जात. तू वाच पुढं."

आमच्या जयसिंगपूरकडे सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. माझ्या आत्या, पद्मावती मगदूम, मिरजेच्या एका दवाखान्यात डायलिसिसच्या खाटेवर डावा हात लांब करून पडल्या होत्या. हातात दोन जाड सुया. एकीतून रक्त बाहेर, दुसरीतून आत. मी शेजारी लोखंडी स्टुलावर. मांडीवर मुलं परीक्षेला नेतात तसलं पॅड, त्याच्या चिमट्यात पाठकोरे कागद. दीड वर्ष झालं, आठवड्यातल्या दोन दुपारी आम्ही दोघी अशाच बसत होतो. आणि त्या दीड वर्षात, त्याच स्टुलावर, मी एक कादंबरी जवळजवळ लिहून काढली होती.

मी वाचायला लागले. आवाज यंत्राच्या घरघरीपेक्षा जरासा वर ठेवायचा, एवढंच पथ्य. कादंबरीतली कुसुम बापाच्या माघारी टांगा चालवायची. मिरज स्टेशनाबाहेर टांगे उभे राहायचे त्या काळातली गोष्ट. चुलता तिच्या मागे लागला होता, घोडा विक आणि लग्न कर. कुसुमचं दोन्हीला नाही. घोड्याचं नाव राजा. त्या दुपारी मी वाचत होते त्या प्रकरणात राजाला पोटशूळ उठला होता.

"परत?" आत्या म्हणाल्या.

"हो."

"मागं तर त्याचा पाय मोडलेला."

"मुरगळला होता. मोडला नव्हता."

"आणि त्याच्या आधी ताप. एवढी तर मी पण आजारी पडले नाही, बाई."

पलीकडच्या खाटेवरून दत्तू पैलवान हसले. एके काळी त्यांनी सांगली-कोल्हापूरची मैदानं गाजवली होती. आता अंग ओसरलं होतं, मिशा तेवढ्या शाबूत होत्या. "वहिनी, घोडा मारू नका म्हंजे झालं," ते म्हणाले. "माझं मंगळवार-शुक्रवार त्याच्यावर चाललंय."

"मारत नाही," मी म्हणाले.

"मारत नाही आणि जगू पण देत नाही," आत्या म्हणाल्या, आणि छताकडे बघत बसल्या. त्या दिवशी त्यांचं काहीतरी बिनसलं होतं. मला वाटलं, पायात गोळे येत असतील.

सुरुवातीला आत्या इथे यायलाच तयार नसत. पथ्याचं त्यांना काही वाटलं नाही. पाणी कमी प्या असं डॉक्टर म्हणाले तेव्हा त्यांनी डॉक्टरांनाच ऐकवलं, "पर्युषणात निर्जळी उपास केलेत आम्ही. तुम्ही नका शिकवू." सुयांचंही त्यांना भय नव्हतं. त्यांना छळत होतं ते नुसतं पडून राहणं. हात हलवायचा नाही, कूस बदलायची नाही, चार तास. पहाटे उठल्यापासून ज्या बाईचा हात कशा ना कशात असायचा, तिला ती शिक्षा वाटायची. एकदा त्यांनी वाटेतल्या अंकलीच्या पुलावरून रिक्षा माघारी वळवायला लावली. "आज नाही जायचं," म्हणाल्या, आणि पुढचा वारही चुकवला. मग तोंड सुजलं, श्वास लागला आणि त्यांना उचलून आणावं लागलं. तेव्हा यंत्रं सांभाळणाऱ्या जास्मिन सिस्टरने मला बाजूला घेतलं.

"वहिनी, यायचं बंद करणारे पेशंट घाबरून बंद करत नाहीत," ती म्हणाली. "कंटाळून करतात. यांना कंटाळू देऊ नका."

कसं, ते तिने सांगितलं नाही. मी मुळात कमी बोलणारी. माझ्याकडे गप्पा नव्हत्या. मी शेजारी बसून, वेळ जावा म्हणून, कॉलेजातल्या जुन्या प्रश्नपत्रिकांच्या मागे काहीतरी खरडत होते.

"काय लिहितीस? माझ्या तक्रारी?" आत्यांनी विचारलं होतं.

"नाही. गोष्ट आहे."

"कुणाची?"

"एका टांगेवालीची."

"बाई टांगा हाकते? वाच बघू."

मी दोन पानं वाचली. त्यांनी डोळे मिटले होते. झोप लागली असं समजून मी थांबले.

"पुढं?"

"एवढंच लिहिलंय."

"मग लिही की. मला तरी इथं दुसरं काय काम आहे?"

पुढच्या वेळी रिक्षा यायच्या आधीच त्या चपला घालून कट्ट्यावर बसल्या होत्या.

माझ्यापुरतं सांगायचं तर असं झालं, की जगात मला लिहायला एवढी चांगली जागा मिळाली नव्हती. सकाळी मी ज्युनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवायची. दुपारनंतर घर. घरात मी सगळीकडे बसून पाहिलं होतं. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत, ओट्यापाशी, मुलीचा अभ्यास घेता घेता तिच्याच टेबलाच्या कोपऱ्यावर. दोन ओळी व्हायच्या आणि हाक यायची. कुणी वाईट नव्हतं. पण घरात कागद घेऊन बसलेली बाई रिकामी दिसते, आणि रिकाम्या दिसणाऱ्या माणसाला काम सांगणं हा काही गुन्हा नाही. पेशंटजवळ बसलेली बाई मात्र कधीच रिकामी नसते. तिला कुणी हाक मारत नाही. उलट घरून निघताना अजित, माझा नवरा, म्हणायचा, "तू दमतेस खूप." यंत्राची घरघर बाकीचे आवाज गिळून टाकायची. फिनेलचा आणि स्पिरिटचा वास मला प्रयोगशाळेमुळे ओळखीचाच होता. पुढे, कितीतरी वर्षांनी, मला खिडकीजवळचं टेबल मिळालं. तिथेही लिहिते. पण पहिली काही मिनिटं तिथे मला उगीचच खूप शांत वाटतं, इतकं की लिहिता येत नाही.

तर त्या दुपारी राजाला पोटशूळ उठला होता, आत्या घुश्श्यात होत्या, आणि तेवढ्यात डॉ. इनामदार आत आले.

"मगदूमबाई, काय ठरलं मग?"

"बघू," आत्या म्हणाल्या.

हे 'बघू' आम्ही सगळे गेली दिवाळी झाल्यापासून ऐकत होतो. मामांची किडनी आत्यांना चालणार होती. रक्तगट जुळला होता, सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, कागदपत्रं झाली होती. मामा तयार होते. पहिल्या दिवसापासून तेच म्हणत होते, माझी घ्या. नवऱ्याने बायकोला किडनी द्यायची, असं आमच्याकडे फारसं होत नाही. बायकोच देते. डॉक्टरांनासुद्धा त्याचं अप्रूप होतं. अडलं होतं ते एकाच गोष्टीवर. आत्या हो म्हणत नव्हत्या. आणि नाहीही म्हणत नव्हत्या. अजितने समजावलं, नणंदेने रडून पाहिलं, मीही दर वेळी विषय काढायची. "बघू," त्या म्हणायच्या, "आधी सांग, कुसुमच्या चुलत्यानं काय केलं?"

डॉक्टर आज बसले नाहीत. यंत्रावरचे आकडे बघितले आणि उभ्यानेच म्हणाले, "हे बघा, आज मी स्पष्ट बोलतो. तुमच्या यजमानांचे आत्ताचे रिपोर्ट आले. त्यांचं ब्लड प्रेशर काठावर यायला लागलंय. वय वाढतंय त्यांचं. आज मी त्यांची किडनी घेऊ शकतो. पावसाळ्यानंतर विचाराल तर कदाचित मीच नाही म्हणेन. आणि तुमच्या या हाताची शीरही किती दिवस साथ देईल, सांगता येत नाही."

"मग कुणाची घ्यायची पावसाळ्यानंतर?" मी विचारलं.

"कुणाची नाही," डॉक्टर म्हणाले. "मग हेच यंत्र. जितकं चालेल तितकं. मी वॉर्डात राउंड घेऊन परत येतो. मला आज उत्तर द्या. नाही असेल तर नाही म्हणा, मी पुन्हा विचारणार नाही."

ते गेले. पैलवान एरवी काहीतरी बोलले असते. त्यांनीही तोंड पलीकडे फिरवलं.

"आत्या," मी म्हणाले.

"तू जा, त्यांना डबा दे. सकाळपासून उपाशी असतील. रिपोर्टसाठी आलेत ना."

मामा बाहेर बाकावर बसले होते. भूपाल मगदूम, एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले हेडमेकॅनिक. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी बसताना दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे ठेवून बसायचे, पँटला काळं लागू नये म्हणून. मी डबा उघडून दिला. त्यांनी चपाती मोडली आणि तशीच हातात धरून ठेवली.

"डॉक्टर बोलले?"

"बोलले."

"मला पण सांगितलं मघाशी. ती काय म्हणाली?"

"बघू."

मामा मान हलवत राहिले. मग म्हणाले, "त्रिशला, मला त्या ऑपरेशनचं काही नाही. एका गाडीचा पार्ट काढून दुसऱ्या गाडीला बसवायचा, जन्मभर दुसरं काय केलं मी? पण ज्या गाडीला बसवायचा तिनंच नको म्हटलं तर काय करायचं?"

"त्या घाबरत असतील, मामा."

"ती? ती कुणाच्या बापाला घाबरली नाही कधी." त्यांनी चपातीचा तुकडा पुन्हा डब्यात ठेवला. "मला काय वाटतं सांगू? तिला माझी नकोय. मी आणलेलं तिनं कधी सरळ घेतलंय? साडी आणली की दुसऱ्या दिवशी दुकानात. रंग बदलून आणायची. कुकर आणला, तो बदलला. आता हे बदलून मिळत नाही ना."

ते विनोद करत होते असं मला वाटलं, म्हणून मी हसले. मग त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि हसू आवरलं. ते विनोद करत नव्हते. दिवाळीपासून हा माणूस मनात हेच घेऊन हिंडत होता.

मी आत आले तेव्हा आत्या दाराकडेच बघत होत्या.

"जेवले?"

"नाही."

"का? काय म्हणत होते एवढा वेळ?"

मला खोटं बोलायचं तर आधी जुळवाजुळव करावी लागते, आणि तेवढा वेळ नव्हता. "म्हणाले, तुम्हाला त्यांची किडनी नकोय. साड्यांसारखी बदलून आणता येत नाही, म्हणून तुम्ही हो म्हणत नाही."

पंप फिरत होता. आत्यांनी हळूच विचारलं, "असं म्हणाले?"

"हो."

"आणि न जेवता बसलेत?"

"हो."

"येडा माणूस." त्यांनी मोकळ्या हाताने पदर ओढून डोळे पुसले, आणि एकदम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुझी ती कादंबरी कधी संपणार आहे?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"विचारतेय ते सांग. शेवट ठाऊक आहे का नाही तुला?"

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"गणपतीच्या सुमाराला सुचला."

"गणपतीत!" आत्यांनी उठून बसायचाच प्रयत्न केला. मी त्यांचा खांदा धरला. "म्हणजे तेव्हापासून त्या मुक्या जनावराला कधी ताप, कधी पाय, कधी पोट, हे सगळं उगीच? मला काय कळत नाही होय? मी शिकले नसेन, पण रांधणाऱ्याला कळतं पातळ आमटीत पाणी घातलेलं. का ताणायला लागलीस?"

पैलवानांनी इकडे तोंड वळवलं. "व्हय, वहिनी. ते मला पण इचारायचंच हुतं."

मी चष्मा काढला आणि पुसला. "गोष्ट संपली तर तुम्ही इथे यायच्या नाहीत, असं मला वाटलं. त्या वेळी आला नव्हतात, तसं. तुम्हाला कंटाळा आला तर पुढं काय होतं ते मी बघितलंय. म्हणून घोडा आजारी ठेवला."

आत्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांचं तोंड थोडं उघडं राहिलं होतं.

"अगं खुळे," त्या म्हणाल्या. "मग मी कशासाठी थांबले?"

"म्हणजे?"

"मला वाटलं, पुस्तक पुरं होईपर्यंत तुला ही जागा पाहिजे. ऑपरेशन झालं की झालं. मग कशाला यायचंय मिरजेला? तुझं हे स्टूल गेलं, दुपार गेली. डॉक्टर विचारायचे तेव्हा माझ्या मनात यायचं, एवढं प्रकरण होऊ दे तिचं. मग दुसरं निघायचं. मग घोडा पडायचा आजारी. मी म्हणायची, बघू."

रसायनशास्त्रात काही अभिक्रिया दोन्ही दिशांनी सारख्याच वेगाने चालू असतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, भांड्यात काहीच घडत नाहीये. हे मी दर वर्षी अकरावीच्या मुलांना फळ्यावर काढून दाखवत होते.

"आत्या, माझ्या लिहिण्यासाठी तुम्ही…" मी म्हणाले. "मी घरी लिहीन ना."

"घरी?" त्या म्हणाल्या. "घरी कोण लिहू देतंय तुला?"

"कुणी अडवत नाही."

"मी अडवते." त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघ, त्रिशला, मी कशी आहे ते मला ठाऊक आहे. इथं दोन सुया टोचल्यात म्हणून गप्प पडलेय आणि तू लिहितीस ते गोड वाटतंय. बरी झाले की मी परत सासू होईन. हातपाय चालायला लागले की भाजी निवडली का, पापड उन्हातनं काढले का, दार वाजतंय बघ. तोंडाला सवय आहे. आणि तू कागद ठेवून उठशील. इतक्या वर्षांत तू मला कधी नाही म्हटलंयस?"

मी आठवून पाहिलं. नव्हतं म्हटलं.

"तेच ते," आत्या म्हणाल्या. "म्हटलं, आजारी आहे तोवर पोरीचं एक काम होऊ दे माझ्या हातनं."

मला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. मला राग क्वचितच येतो. "हे काम नाही झालं, आत्या. तिकडे मामा न जेवता बसलेत. डॉक्टर परत येतील आणि तुम्ही घोड्याचा हिशेब करताय."

"बघ, बोलतीस की."

"तुम्ही हाक मारा. खुशाल मारा. मी 'थांबा' म्हणेन."

"तू?"

"मी."

"म्हणून दाखव."

"आत्ता?"

"आत्ता. डॉक्टर यायच्या आत. मला बघू दे, जमतंय का ते." त्यांनी घसा साफ केला आणि घरातला आवाज काढला, स्वयंपाकघरातून गच्चीपर्यंत पोचणारा. दीड वर्षात तो आवाज मी ऐकला नव्हता. "त्रिशलाऽ! अगं, दुधाकडं लक्ष आहे का कुणाचं?"

मी उठले. खरंच उठले. पॅड मांडीवरून घसरलं, ते मी अर्ध्यात पकडलं.

पैलवान इतके हसले की त्यांना ठसका लागला. "वहिनी, दूध मिरजेत न्हाई हो!"

"उठली," आत्या म्हणाल्या. "बघितलंत? हे असं आहे. बस. परत." पुन्हा घसा साफ केला. "त्रिशला! पाहुणे आलेत, चहा टाक!"

"थांबा," मी म्हणाले.

"हे 'थांबा' झालं? हे तर 'आले आले' झालं. जोरात."

"थांबा."

"मला घरात ऐकू नाही आलं. पंखा चालू आहे."

"पैलवान, लंगोट कसायची वेळ आली," पैलवान स्वतःलाच म्हणाल्यासारखं म्हणाले. "वहिनी, दम भरा. पोटातनं काढा आवाज."

माझे कान तापले होते. पलीकडच्या ओळीतल्या पेशंटांची माणसंही आता इकडे बघत होती. मी कधी कुणासमोर आवाज चढवला नव्हता, वर्गातसुद्धा नाही. मुलं गोंगाट करायला लागली की मी बोलायची थांबायची, मग ती आपोआप गप्प व्हायची. पण बाहेर बाकावर तो डबा तसाच होता, आणि समोर ही बाई माझ्या एका शब्दासाठी अडून बसली होती.

"त्रिशला! ए त्रिशला! ऐकू येतंय का नाही?"

"थांबा, आत्या!" मी ओरडले. "लिहितेय मी! होईल ते मग!"

आणि आत्या हसायला लागल्या. आधी नुसतं पोट हललं, मग खांदे, मग आवाज फुटला. इतक्या हसल्या की डावा हात कोपरात वाकला. परतीच्या नळीचा दाब चढला आणि यंत्राने कर्कश भोंगा सुरू केला. लाल दिवा, पंप बंद. जास्मिन सिस्टर धावत आली.

"हात! हात सरळ! काय चाललंय काय इथं?"

"काही नाही, सिस्टर," पैलवान म्हणाले. "वहिनींनी कुस्ती मारली."

जास्मिनने आत्यांचा हात धरून सरळ केला, नळी तपासली, बटण दाबलं. भोंगा थांबला. पंपाने एक हिसका खाल्ला आणि पुन्हा फिरू लागला. तेवढ्यात दार धाडकन उघडलं. मामा. पायात चपला तशाच, हातात डब्याचं झाकण. माझं ओरडणं आणि तो भोंगा, दोन्ही बाहेर ऐकू गेलं होतं. ते दारातच खिळून उभे राहिले. आधी त्यांनी यंत्राकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि शेवटी, जणू तिकडे बघायचा धीर गोळा करून, आत्यांकडे.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. "काय झालं तिला?"

"काही नाही झालं, मामा," मी म्हणाले. "हसल्या त्या."

"हसली?"

"इकडं या," आत्या म्हणाल्या. हसून त्यांचे डोळे भरले होते, श्वास अजून सावरत होता. "जवळ या की. तिथं काय उभारलाय?"

मामा खाटेजवळ आले. मी स्टूल मागे सरकवून त्यांना जागा दिली, पण ते बसले नाहीत. त्यांच्या मागोमाग भोंगा ऐकून डॉ. इनामदारही दारात येऊन थांबले होते. आत्यांनी त्यांना बघितलं, पण बोलल्या त्या मामांशीच. मोकळ्या हाताने त्यांनी मामांचं मनगट धरलं.

"मला तुमचीच पाहिजे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणी दिली असती तरी घेतली नसती. डॉक्टर, ऑपरेशन करायचं."